कट म्हटल्यानंतरचं

हेडफोनचा डावा कान गेला होता. त्यात नवल काही नव्हतं. वायर जुनी, ओढाताण रोजची, कधी ना कधी तो जाणारच होता. कात्री सकाळी येऊन बसली, मशीन सुरू केलं, हेडफोन डोक्यावर चढवला, तर उजवीकडे सगळं ठणठणीत आणि डावीकडे शुकशुकाट. तिनं वायर दोनदा हलवून पाहिली, हेडफोनला एक शेलकी शिवी दिली आणि उठून शेजारच्या खोलीत गेली.

तिथे कानसेन बसायचा. दाराच्या करकरीपासून सुनेच्या हुंदक्यापर्यंत मालिकेतला सगळा आवाज त्याच्या हाताखालून जायचा, म्हणून सगळे त्याला कानसेन म्हणायचे. आणि हिला कात्री, कारण ही मालिकेची संकलक. चित्रीकरणाच्या ढिगातून काय ठेवायचं, काय फेकायचं, कोणाच्या चेहऱ्यावर किती वेळ थांबायचं, हे ठरवणं तिचं काम. तिला खऱ्या नावानं हाक मारणारी आता फक्त तिची आई उरली होती.

“तुझे हेडफोन दे रे आजच्या दिवस,” ती म्हणाली. “माझ्याचा कान गेलाय.”

“माझे?” कानसेननं आपले भलेमोठे जुने हेडफोन उचलून दाखवले. दोन्ही बाजूंना वाटीएवढे काळे गोल, वर जाड पट्टा. “हे घालून बसलीस तर कानांवर डबे बांधल्यासारखी दिसशील.”

“दिसू दे. मला कोण बघतंय तिथे?”

कानसेन हसला. “आज तोच भाग ना… बाईसाहेबांचा शेवटचा?”

“तोच. संध्याकाळपर्यंत वाहिनीकडे जायला हवा.”

“सांभाळून कर,” तो म्हणाला. आपण असं का म्हणालो ते त्यालाही कळलं नसावं, कारण त्यानं लगेच मान फिरवली आणि उगाच एक बटण पुसत बसला.

बाईसाहेब म्हणजे मालिकेतल्या घराची थोरली मालकीण. मुलं, सुना, नोकरचाकर, सगळ्यांना मुठीत ठेवणारी. ते काम करणारी नटी उतारवयाची, चणीनं लहान, बोलायला लोण्यासारखी मऊ. सेटवर चहा देणाऱ्यालाही ‘दमलास का रे’ म्हणून विचारायची. सुरुवातीला तिला काम मिळालं होतं ते चार दिवस खुर्चीत बसून खोकायचं. पुढे सगळेच तिला बाईसाहेब म्हणायला लागले, तिच्या घरचेसुद्धा. त्या चार दिवसांच्या खोकल्यातून बाईसाहेब उभी केली ती कात्रीनं, आणि हे सांगताना कात्रीची मान कधी खाली जायची नाही.

कसं केलं तेही ती सांगायची. लपवण्यासारखं त्यात काही नव्हतंच. माणूस बोलताना पापण्या मिटतो, उघडतो, आणि पाहणाऱ्याला त्याचं भान नसतं. पण ते मिटणंच काढून टाकलं तर? कात्री बाईसाहेबांच्या क्लोजअपवर बसायची. पापणी लवायला लागली की त्याच्या जरा आधी शॉट तोडायचा, सुनेच्या घाबरलेल्या चेहऱ्यावर जायचं, आणि परत यायचं ते पापणी पुन्हा पूर्ण उघडल्यावर. भागच्या भाग गेले, पण बाईसाहेबांनी डोळे मिटलेले कोणी पाहिले नाहीत. प्रेक्षकांना हे सांगता आलं नसतं. त्यांना एवढंच कळायचं की ही बाई पडद्यावर आली की घरात कसंतरी होतं. त्यात प्रकाशवाल्यानं तिच्यासाठी एक लहानसा दिवा खाली ठेवायला सुरुवात केली. त्याचा एकच पांढरा ठिपका बुबुळाच्या तळाशी चमकायचा. झालं, घराघरांत पोरं उशीत तोंड खुपसायला लागली.

कात्रीची आई तर मालिका लागली की टीव्हीलाच दम द्यायची. “डोळेसुद्धा मिटत नाही मेली! माणूस आहे की काय आहे?” आणि कात्री शेजारी बसून पोळीचा घास चावत गालातल्या गालात हसायची. एखाद्या आईला लेकीच्या बक्षिसाचा वाटेल तेवढा अभिमान तिला त्या शिव्यांचा वाटायचा.

पुढे ती नटी एकदा स्वतःच कात्रीच्या खोलीत आली. “माझ्या डोळ्यांचं तू काय करतेस ते बघायला आलेय,” म्हणाली. कात्रीच्या मागे एक जुनी खुर्ची होती, बसलं की कुरकुरणारी. तीत बसली, आणि मग येतच राहिली. चित्रीकरण नसेल त्या दुपारी यायची, मानेला निलगिरीचं तेल चोपडलेलं असायचं, त्याचा वास खोलीभर. समोर दोन मॉनिटर, मधे कात्रीचं डोकं, मागे बाईसाहेब. क्लोजअप सुरू झाला की मागून हळूच आवाज यायचा.

“धर…”

कात्रीचं बोट बटणावर असायचं. तिला वाटायचं, आता तोडावा.

“अजून धर… अजून…”

आणि मग तोंडानं काही नाही. डाव्या खांद्यावर एका बोटाचा हलका स्पर्श व्हायचा. तो कट. तिथे तोडलं की नेमकं तिथेच तोडायला हवं होतं असं वाटायचं. कात्री बऱ्याच मोठ्या संकलकांकडे शिकली होती, पण शॉट धरायचा किती हे ती त्या बोटाकडून शिकली. आणि म्हातारी कात्रीकडून शिकली. एके दिवशी म्हणाली, “तू पापणी कापतेस, त्यापेक्षा मी ती देतच नाही.” त्यानंतर ती सेटवर खरोखरच डोळे उघडे ठेवायला लागली. लाल व्हायचे, पाणी साचायचं, पण मिटायचे नाहीत. दोघींनी मिळून असं काही बनवलं होतं जे एकटीला कधी जमलं नसतं, आणि दोघींना त्याची पुरेपूर जाणीव होती.

अशाच एका दुपारी ती मागून म्हणाली होती, “कात्री, मला मारायची वेळ आली ना, तर रडवू नकोस हं. माफीबिफी तर मुळीच नको.”

“मी कोण रडवणार? लेखक ठरवेल ते.”

“लेखक काय ठरवतो! लिहितो तो, दाखवतेस तू.” खुर्ची कुरकुरली. “मी जन्मभर वाकले गं. नवऱ्यापुढे, दिरापुढे, कामासाठी कोणाकोणापुढे. ही एकटीच आहे माझ्यातली, जी वाकली नाही. तिला तशीच जाऊ दे. डोळे मिटायचे तर माझ्या वेळेला मीच मिटीन. तू फक्त धर.”

“धरीन,” कात्री हसत म्हणाली होती. तेव्हा दोघीही हसल्या होत्या.

आणि महिन्याभरापूर्वी ती झोपेतच गेली. भाची सकाळी उठवायला गेली तर गार पडलेली. कात्री भेटायला गेली तेव्हा भाची दाराशीच म्हणाली, “मावशीचे डोळे उघडे होते हो. आम्ही मिटून पाहिले, पुन्हा उघडले… शेवटी तसेच राहू दिले.” 

आता मालिकेत त्या बाईला निरोप द्यायचा होता, आणि निर्मात्यानं तो आधीच ठरवून टाकला होता. बाईसाहेब धाकट्या सुनेपुढे गुडघे टेकते, हात जोडून माफी मागते आणि प्राण सोडते. बाईसाहेबांच्या चणीची एक बाई आणून, तिला तीच साडी नेसवून पाठमोरं गुडघे टेकताना चित्रित करून झालं होतं. सुनेचे अश्रू चित्रित करून झाले होते. मधे हवा होता फक्त एक चेहरा. खाली झुकलेला, ओला, हरलेला. तेवढा जुन्या फुटेजमधून शोधून काढायचा.

“सर, ती वाकणारी बाई नाही,” कात्रीनं सांगून पाहिलं होतं.

“मेल्यावर कसला ताठा? लोक रडले पाहिजेत,” निर्माता म्हणाला. “आणि जमत नसेल तर तसं सांग. दुसरं कोणी करेल.”

जमत नसेल! दुसरं काही म्हणाला असता तर कात्रीनं वाद घातला असता, कदाचित कामही सोडलं असतं. पण हा शब्द तिला झोंबला. दगडाला रडवून दाखवीन, असं मनाशी म्हणत ती मशीनवर बसली होती. म्हातारीला दिलेला शब्द आठवत नव्हता असं नाही. पण हाताला सुरसुरी आली की कसबी माणसाला दुसरं काही सुचत नाही, आणि कात्री नखशिखांत कसबी होती.

खोलीला खिडकी नव्हती. बाहेर टळटळीत दुपार असली तरी आत मॉनिटरचा निळसर उजेड आणि कोपऱ्यात अंधार. भिंतींना आवाज शोषणारं जाड कापड लावलेलं, त्यामुळे आपलंच गिळणं आपल्याला ऐकू यावं अशी शांतता. वर थंड हवेचं यंत्र घुमत होतं. कानसेनचे ते डबे कानांवर चढवल्यावर तेही बंद झालं.

कात्रीचा एक नियम होता, आणि त्याचाही तिला मोठा तोरा होता. तिच्या हाताखालून गेलेली एकही फ्रेम तिनं न पाहिलेली नसायची. इतर संकलक दिग्दर्शकानं कट म्हटलं की पुढे जातात. कात्री कट म्हटल्यानंतरचंही बघायची. कॅमेरा बंद व्हायला क्षणभर लागतो, आणि तेवढ्यात नटाचा चेहरा सुटतो, खरा होतो. तिचे सर्वांत नावाजलेले शॉट तिनं त्या उरल्यासुरल्यातून काढलेले होते.

आणि तिथेच तिला तो सापडला. बाईसाहेबांच्या चित्रीकरणाच्या शेवटच्या दिवसाचा, अगदी शेवटचा तुकडा. मागून कोणीतरी ‘कट’ म्हणतो. दिवे अजून चालू आहेत. म्हातारी थकलीय. चेहरा जरा खाली येतो, इतका वेळ ताणून धरलेले डोळे सुटतात, मिटतात, आणि एक थेंब गालावर येतो. तिथे कॅमेरा बंद. एक श्वास घ्यावा एवढाच तुकडा.

कात्रीनं तो उचलला. पाठमोरी बाई गुडघे टेकते, त्याला हा चेहरा जोडला. लगेच पुढे सुनेचे अश्रू. तुकडा जरा संथ केला. चालवून पाहिलं, आणि अंगावर काटा आला. बल्बच्या उजेडानं डोळ्यांत आलेलं पाणी पश्चात्ताप झालं होतं. थकून झुकलेली मान शरण आली होती. जी बाई आयुष्यात कोणापुढे वाकली नव्हती ती पडद्यावर साफ मोडून पडली होती, आणि सांधा कुठे दिसत नव्हता.

तिनं भिंतीवर थाप मारून कानसेनला बोलावलं. त्यानं दारात उभं राहून पाहिलं आणि चष्मा काढून डोळे पुसले.

“जमलं,” तो म्हणाला. “तुला तोड नाही बाई.” आणि चष्मा परत चढवत, “पण वाईट वाटलं गं. हिला असं पाहायला नको होतं.”

“वाईट वाटावं म्हणूनच केलंय,” कात्री ठसक्यात म्हणाली. तो गेल्यावर मात्र तिला खुर्चीत नीट बसवेना. काम चोख झालं होतं. तिच्या उभ्या कारकिर्दीत एवढा स्वच्छ सांधा झाला नव्हता. तरी नजर टाकावी म्हणून तिनं तो भाग शेवटचा एकदा चालवला.

पाठमोऱ्या बाईनं गुडघे टेकले. चेहरा आला.

डोळे मिटले नाहीत.

कात्रीनं थांबवलं. तुकडा चुकला असेल, हात घाईत दुसरीकडे पडला असेल. तिनं तपासलं. तोच तुकडा, तीच तारीख, तोच कट म्हणणारा आवाज. पुन्हा चालवलं. चेहरा खाली येऊ लागला, आणि मधेच थांबला. मग हळूहळू वर आला. ओले, लाल डोळे सरळ समोर पाहत होते. शॉट जिथे संपायला हवा होता तिथे तो संपला नाही. चालतच राहिला.

‘मशीन बिघडलंय,’ कात्रीनं स्वतःला सांगितलं. तेवढ्यात तिच्या नाकाला वास जाणवला. आधी पुसट, मग स्पष्ट. निलगिरीच्या तेलाचा.

ती हलली नाही. कानांवर डबे होते, बाहेरचा आवाज आत यायला वाव नव्हता, तरीही तिला मागची खुर्ची कुरकुरलेली कळली. ऐकू आली असं नाही म्हणता येणार, पाठीला कळली. आणि मग हेडफोनच्या आत, त्या घडीला शॉटमध्ये काही आवाज नसताना, दोन्ही कानांच्या मधोमध…

“धर…”

 मागे वळून पाहावं असं एकदाही वाटलं नाही. वळायचं नाही एवढंच मानेला पक्कं ठाऊक होतं.

“बाईसाहेब…” ती पुटपुटली. “सरांनी सांगितलंय हो… माफी पाहिजे म्हणून…”

समोरचे डोळे तिच्याकडे पाहत होते. त्यांत राग नव्हता, हे तिनं नंतर आईला शपथेवर सांगितलं. राग असता तर ती उठून पळाली असती. त्या डोळ्यांत होता तो ताठा. दोघींनी मिळून उभा केलेला, भाग न् भाग खपून घडवलेला ताठा. आणि तो पाहताच कात्रीला स्वतःची अशी काही लाज वाटली की भीती थोडी मागे सरली. हा एवढा चेहरा आपण केला, आणि एका ‘जमत नसेल’पायी आपल्याच हातानं तो मोडायला निघालो.

तिनं पाठमोरी बाई उचलून फेकून दिली. जोडलेले हात फेकले. सुनेचे अश्रू फेकले. सुनेचं एकच वाक्य ठेवलं, “आता तरी माफी मागाल?” आणि त्याच्यापुढे लावला तो चेहरा. मागे संगीत नाही, काही नाही.

चालवलं. सून विचारते. बाईसाहेब बघते.

“धर…” कानांत.

कात्रीनं धरला. एरवी एवढ्या वेळात दहादा तोडला असता. चेहऱ्यावर काही घडत नव्हतं, आणि तरी त्या घराच्या सगळ्या वर्षांचा जाब त्या न मिटणाऱ्या डोळ्यांत होता.  बोट बटणावर घामेजलेलं.

“अजून… अजून धर…”

“धरलंय,” कात्री म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही.

आणि मग बाईसाहेबांनी डोळे मिटले. थकून नाही, हरूनही नाही. मोठ्या बाईनं दिवसाचं काम संपल्यावर दार लावून घ्यावं, तसे. त्याच क्षणी कात्रीच्या डाव्या खांद्यावर एक बोट टेकलं.

तिनं कट केला.

 मग तिनं डबे उतरवले, आणि भिंतीला हात धरून, खुर्चीकडे पाठ राखत, खोलीबाहेर आली. व्हरांड्यात लख्ख ऊन होतं. कोणीतरी फोनवर जेवणाची चौकशी करत होतं. कानसेननं तिचा चेहरा पाहून पाणी आणून दिलं. ती म्हणाली, “पाठवून दे भाग. आहे तसा. सरांना नंतर कळू दे.”

सरांना कळलं ते दुसऱ्या संध्याकाळी भाग लागल्यावरच. फोन आला तो ओरडतच आला. मग ओरडणं मधेच थांबलं, कारण दुसऱ्या फोनवर वाहिनीचा साहेब होता. पलीकडचं बोलणं कात्रीला तुटक ऐकू येत होतं, “अप्रतिम… लोक खिळून बसलेत… कोणी केलं हे?” निर्माता परत आला तेव्हा त्याचा आवाज बदललेला होता.

“हा शॉट कुठून काढलास गं तू?”

“होता तिथूनच,” कात्री म्हणाली.

पण खरी पावती तिला त्या फोनच्या आधीच, घरी मिळाली होती. आई टीव्हीसमोर बसली होती. इतकी वर्षं जिला शिव्या घातल्या तिच्याकडे टक लावून बघत होती. डोळे मिटले तशी आईनं कपाळाशी हात नेला आणि म्हणाली, “मिटले गं बाई शेवटी. काय बाई होती! मरताना पण मान नाही झुकवली.” आणि मग ढसाढसा रडली. कात्रीनं आईच्या पाठीवर हात ठेवला. तिचेही डोळे भरून आले होते, आणि भीती, दुःख, सगळं खरं असूनही छाती अभिमानानं भरून आली होती. दिलेला शब्द पाळला होता तिनं. म्हातारी कोणापुढे न वाकता गेली होती.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी कानसेन तिच्या खोलीत आला, तो दार लावून घेऊनच. “तो चेहरा जरा मोठा कर,” म्हणाला. “डोळा. नुसता डोळा.”

“का?”

“प्रकाशवाला सकाळपासून डोकं खातोय. म्हणतो, हा शॉट माझा नाही. माझा दिवा तिच्या डोळ्यांत गोल ठिपका पाडतो. ह्यात ठिपका नाहीये.”

कात्रीनं डोळा मोठा केला. पडदाभर बुबुळ. तळाशी तो ओळखीचा गोल ठिपका नव्हताच. त्याऐवजी दोन उजळ चौकोन होते, शेजारी शेजारी. तिनं आणखी मोठं केलं. दोन चौकोन, आणि त्यांच्या मधे, त्यांच्या पुढ्यात, काळं काहीतरी. एक डोकं. पाठमोरं.

ती कुठली जागा आहे हे ओळखायला तिला वेळ लागला नाही. रोज ती तिथेच बसत होती. दोन मॉनिटर, मधे तिचं डोकं. मागच्या खुर्चीत बसलेल्या माणसाच्या डोळ्यांत जसं दिसेल तसं.

“त्या इथे यायच्याच की,” कानसेन अडखळत म्हणाला. “कधीतरी कोणी गंमत म्हणून कॅमेऱ्यात घेतलं असेल… जिवंत असताना…”

कात्रीनं बोट उचलून पडद्यावर ठेवलं. त्या काळ्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना दोन गोल होते. वाटीएवढे. वर जाड पट्टा.

“तुझे हेडफोन,” ती म्हणाली. “तुझ्याकडून कधी नेले होते मी, सांग ना.”

 ते तिनं आयुष्यात एकदाच घातले होते. बाईसाहेब गेल्यानंतर. परवाच्या दुपारी.

“मी दारात उभा होतो त्या दिवशी,” कानसेन कुजबुजला. “खुर्ची रिकामी होती गं…”

“रिकामी नव्हे,” कात्री म्हणाली. “तिची.” आणि हे म्हणताना तिची मान ताठ होती.

खुर्ची अजून तिथेच आहे. नवा दिग्दर्शक, निर्माता, कोणीही येवो, कात्री कोणाला तीत बसू देत नाही. कामात ती पूर्वीपेक्षा कांकणभर सरसच आहे, असं सगळे म्हणतात. शॉट धरावा तर तिनं. दुसऱ्या मालिकांची माणसं येतात, शिकवा म्हणतात. कट म्हटल्यानंतरचंही बघत जा, हा आपला नियम ती त्यांना अजून सांगते.

फक्त एक गोष्ट ती त्यांना सांगत नाही. तो तुकडा मशीनवर आहे. एक श्वास घ्यावा एवढाच होता तो. आता त्यात डोळे मिटतात, आणि मिटल्यावर तो संपत नाही. पुढेही आहे. काल होता त्यापेक्षा आज जास्त आहे. रोज सकाळी मशीन सुरू केल्यावर कात्री त्याची लांबी बघते, आणि ती वाढलेली असते.

डोळे मिटल्यानंतर पुढे काय आहे ते तिनं पाहिलेलं नाही. तिच्या हाताखालून गेलेल्या सगळ्या फुटेजमध्ये न पाहिलेलं एवढंच. बोट बटणापर्यंत जातं, आणि मागून तेलाचा वास येतो.